फाटकाच्या आतले तीन आकडे

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व संचालक आणि कार्यकारी संचालक,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

सप्रेम नमस्कार.

2025-26 चा गाळप हंगाम सुरू झाला आहे. भोगावती, कुंभी, दूधगंगा, वारणा, पंचगंगा अशा सगळ्या काठांवर टोळ्या उतरल्या आहेत, खोपी पडली आहेत. संध्याकाळी कोल्हापुरातून गावाकडं निघालं की उसाच्या गाड्यांमधून वाट काढावी लागते. आणि नेहमीप्रमाणं यंदाही पारावर, दूध संकलन केंद्रावर, एस.टी.त चर्चा एकच आहे : पहिली उचल, म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, किती?

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत आकडा मागितला जातो, बैठका बसतात, कुठं वाहनं अडवली जातात. मग एखादा कारखाना दर जाहीर करतो आणि बाकीचे त्याच्या मागंपुढं आपापला आकडा लावतात. दरासाठी रस्त्यावर बसणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. या जिल्ह्यात उसाला आज जे मिळतं त्यात त्यांनी खाल्लेल्या लाठ्यांचा आणि अंगावर घेतलेल्या केसेसचा वाटा मोठा आहे. पण हे पत्र पहिल्या उचलीबद्दल नाही. दर जाहीर झाला की गावात फटाके वाजतात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात, त्यानंतर जे घडतं त्याबद्दल हे पत्र आहे.

मी करवीर तालुक्यातली ऊस उत्पादक आहे. सव्वादोन एकर रान, त्यात बहुतेक 86032 जातीचा ऊस आणि एका तुकड्यात 265 जातीचा. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, कारखान्याचा शेअर माझ्या नावावर आहे. बरीच वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिण्याचं काम केलं, त्यामुळं उसाचं बिल हातात आलं की मी शेवटच्या रकमेच्या आधी मधल्या ओळी वाचते. त्या मधल्या ओळींनीच मला हे पत्र लिहायला लावलं.

एफआरपी, म्हणजे उसाला कायद्यानं द्यावीच लागणारी किमान किंमत, दिल्लीत ठरते. 2025-26 साठी केंद्र सरकारनं 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे 100 किलो उसातून 10.25 किलो साखर निघाली तर, क्विंटलमागं 355 रुपये ठरवले. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जादा. समजा एखाद्या कारखान्याचा उतारा 12 टक्के आहे. तिथं एफआरपी होते क्विंटलला 415 रुपये 55 पैसे, म्हणजे टनाला 4,155 रुपये 50 पैसे. ही किंमत कारखान्याच्या गेटवर पोच झालेल्या उसाची आहे. तोडणी आणि वाहतूक तुम्ही करता, म्हणून तो खर्च त्यातून वजा होतो. तो टनाला 900 धरला तर शेतकऱ्याच्या नावावर राहतात 3,255 रुपये. या दराला ट्रॉलीतल्या वजनानं गुणलं की बिल तयार.

या गणितात दिल्लीनं ठरवलेले आकडे वर्तमानपत्रात छापून येतात, विधिमंडळात आणि संसदेत त्यावर बोललं जातं. राहिलेले तीन मात्र तुमच्या फाटकाच्या आत ठरतात : उसाचं वजन, साखरेचा उतारा आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च. पहिल्या उचलीच्या पन्नास रुपयांसाठी आम्ही आठ-आठ दिवस ऊस तोडू देत नाही. त्याहून जास्त पैसे या तीन आकड्यांत इकडचे तिकडे होऊ शकतात आणि त्यातला एकही आकडा कसा आला हे सभासदाला बघायला मिळत नाही. माझं मागणं एवढंच आहे की हे तीन आकडे ज्या कागदांवरून निघतात ते कागद उघडे करा.

वजनापासून सुरुवात करते. शेतकरी दीड वर्ष ऊस सांभाळतो. आडसाली असेल तर लावणीपासून तोडीपर्यंत सोळा-अठरा महिने जातात. आणि त्या सगळ्या कष्टाचं मोजमाप ज्या क्षणी होतं, त्या क्षणी तो तिथं नसतो. फडातून गाडी भरून निघते, यार्डात नंबर लागतो, काही वेळा रात्रभर, काही वेळा दुसऱ्या दिवसापर्यंत. उन्हात उभ्या उसाचं पाणी आटतं, वजन घटतं आणि ते नुकसानही शेतकऱ्याच्याच खात्यावर पडतं. भरलेली गाडी काट्यावर जाते, मग मोकळी गाडी काट्यावर जाते, दोन वजनांतला फरक म्हणजे ऊस. स्लिप ड्रायव्हरच्या हातात येते. ती आमच्यापर्यंत पोचते तोवर फडात पाचट पेटलेलं असतं. शंका आली तरी ती तपासायला ऊस कुठं शिल्लक असतो?

काटामारीचा आरोप या जिल्ह्यात दरवर्षी होतो. सगळ्यांचे काटे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही, आणि प्रामाणिकपणानं चालणाऱ्या कारखान्यांवर तो अन्याय होईल. पण 20 टनांच्या खेपेला 2 क्विंटल कमी भरले तर ते 1 टक्का होतं. 10 लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात 1 टक्का म्हणजे 10,000 टन ऊस. वरच्या हिशेबानं सव्वातीन कोटींचा. एवढ्या रकमेचा व्यवहार असलेल्या काट्यावर ज्याचा माल आहे त्याला विश्वास ठेव म्हणण्यापलीकडं तुम्ही आज काही देत नाही.

हे सुधारायला फार खर्च येत नाही. कारखान्यांत आता एआयच्या मदतीनं ऊस पिकवण्याच्या योजना सांगितल्या जातात, उपग्रहावरून पिकाची पक्वता बघितली जाते. मग भरलेल्या गाडीचं वजन, मोकळ्या गाडीचं वजन आणि दोन्हींची वेळ हा मेसेज त्याच मिनिटाला शेतकऱ्याच्या मोबाईलवर का येऊ नये? जिथं मेसेज येतात तिथं बऱ्याचदा फक्त निव्वळ वजन येतं. मोकळ्या गाडीचं वजन दिसलं पाहिजे, कारण तीच गाडी हंगामभर तुमच्याकडं येत असते आणि तिचं मोकळं वजन एका खेपेला एक, दुसऱ्या खेपेला दुसरं असेल तर ते कुणाच्याही लक्षात येईल. वैधमापन विभागाचं तपासणी प्रमाणपत्र काट्याच्या केबिनबाहेर लावा. आणि कुणी खासगी काट्यावर वजन करून गाडी आणली तर त्याला परत पाठवू नका, त्याची पुढची तोड लांबवू नका. ही भीती खरी आहे. खासगी काट्याची पावती दाखवणाऱ्याच्या फडात पुढच्या वर्षी टोळी वेळेवर येत नाही, असं लोक बोलतात, आणि खरं असो वा नसो, या बोलण्यामुळंच शंभरातले नव्व्याण्णव गप्प बसतात.

आता उतारा. कोल्हापूरचा उतारा म्हणजे या मातीचा आणि इथल्या पाण्याचा मोठेपणा. राज्यात सर्वांत चांगला उतारा असणाऱ्या भागांत आपलं नाव येतं आणि त्याचे पैसे एफआरपीत मिळायला हवेत. पण पाया वर सरकत गेला हे किती सभासदांना सांगितलं गेलं? 2017-18 पर्यंत 9.5 टक्क्याला मूळ दर मिळत होता. 2018-19 पासून तो 10 टक्क्याला आणि 2022-23 पासून 10.25 टक्क्याला झाला. दर वाढल्याची बातमी मोठ्या अक्षरांत आली, पाया वाढल्याचं बारीक अक्षरांत गेलं. यात तुमचा दोष नाही, तो निर्णय केंद्राचा. मात्र यामुळं दशांश चिन्हानंतरच्या प्रत्येक आकड्याची किंमत वाढली. 0.1 टक्का म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. माझ्यासारखीचा शंभर टन ऊस गेला तर 3,460 रुपये, म्हणजे 1,350 रुपयांचं पोतं धरलं तर डीएपीची अडीच पोती. 10 लाख टनांच्या कारखान्याला तोच 0.1 टक्का 3 कोटी 46 लाखांचा.

इथेनॉल आल्यापासून उताऱ्याचा हिशेब अवघड झाला आहे. बी हेवी मळी, म्हणजे अजून बरीच साखर असलेली मळी, इथेनॉलसाठी काढली किंवा थेट रस इथेनॉलला वळवला की साखर कमी तयार होते आणि उतारा कमी दिसतो. एफआरपी काढताना ती वळवलेली साखर परत मिळवून उतारा धरायचा असतो, कारण ती साखर उसातून आलेलीच असते. ती किती धरली, कोणत्या तपासणीवरून धरली, कुणी प्रमाणित केली, हे किती कारखान्यांच्या अहवालात शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत असतं? माझ्याकडं आलेल्या अहवालात मला ते सापडलं नाही. मळीचं आणि साखरेचं उत्पादन वेगवेगळ्या पानांवर आहे, मधला दुवा नाही.

हिशेब लिहिणारी म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. वजन आणि उतारा एकमेकांचे साक्षीदार आहेत. काट्यावर ऊस कमी दाखवला तरी त्याची साखर तयार होतेच, ती पोत्यांत भरते, गोदामात जाते. मग टनामागं साखर जास्त दिसायला लागते. म्हणजे एका बाजूला चोरलेला आकडा दुसऱ्या बाजूला वर येतो आणि तो लपवायचा तर उताऱ्यालाही हात लावावा लागतो. म्हणूनच हे दोन्ही आकडे रोजच्या रोज, एकाच तक्त्यात, गेटवरच्या फलकावर लागले पाहिजेत : आज किती ऊस आला, किती साखर झाली, किती मळी निघाली, किती रस किंवा बी हेवी इथेनॉलला गेलं. अख्खा हंगाम हा तक्ता उघडा राहिला तर काटा खोटा आहे की खरा हे विचारायला कुणाला काट्यावर जावंच लागणार नाही.

तिसरा आकडा तोडणी-वाहतुकीचा. मला सगळ्यांत जास्त त्रास याचा होतो, कारण इथं सगळं सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच काही बोलत नाही.

माझ्या रानापासून कारखान्याचं धुराडं दिसतं. तरी माझ्या बिलातून जो टनामागं खर्च वजा होतो, तोच पन्नास-साठ किलोमीटरवरून ऊस पाठवणाऱ्याच्या बिलातून होतो. सगळ्यांचा खर्च एकत्र करून सरासरी काढण्याची ही पद्धत. लांबच्या, डोंगराकडच्या सभासदाला वेगळी वाट नाही, त्याचा थोडा भार आम्ही उचलायला हरकत नाही. सहकाराचा अर्थच तो. राधानगरी-भुदरगडच्या कोपऱ्यातल्या सभासदाचा ऊसही जवळच्या सभासदाइतक्याच मानानं यायला पाहिजे. पण गेटकेनचं काय? कार्यक्षेत्राबाहेरून, कधी सीमेपलीकडून जो ऊस गाळप वाढवायला आणला जातो, त्याचं भाडं कुणाच्या सरासरीत बसतं? गाळप क्षमता वाढवण्याचा निर्णय तुम्ही घेतला. कार्यक्षेत्रात तेवढा ऊस नाही हे तेव्हाही माहीत होतं. त्या वाढलेल्या पल्ल्याचं डिझेल आमच्या बिलातून का जावं? मला वाटतं सभासदांच्या उसाचा आणि गेटकेनचा तोडणी-वाहतूक खर्च दोन वेगळ्या रकान्यांत आला पाहिजे. यावर चर्चा नंतर करू, आधी रकाने तर वेगळे दिसू देत.

मग टोळ्यांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. हंगामाआधी मुकादमांना लाखोंनी पैसे दिले जातात आणि काही मुकादम पैसे घेऊन टोळी आणत नाहीत. यात आमच्या गावची वाहतूकदार पोरं बुडाली. ट्रॅक्टरचं कर्ज डोक्यावर आणि मुकादमाचा फोन बंद, अशी घरं मी बघितली आहेत. कारखान्याचेही पैसे अडकतात हे खरं. पण ही बुडीत रक्कम तोडणी-वाहतुकीच्या खर्चात मिसळली जाते का, आणि जात असेल तर टनामागं किती? हा प्रश्न मी आमच्या कारखान्याच्या शेती विभागात तोंडी विचारला. उत्तर मिळालं की ते ऑफिसचं काम, तुम्ही बिल बघा. बिलात तर एकच ओळ असते.

आणि खुशाली. टोळी फडात शिरण्याआधी एकराला अमुक हजार, ड्रायव्हरला खेपेमागं एंट्री, वर जेवण. ऊस वाळायला लागलेला, पाळीपत्रकातली तारीख कधीच उलटून गेलेली, गव्हाचं रान मोकळं करायची घाई, अशा वेळी शेतकरी देतो. खर्च एकदा बिलातून वजा, एकदा खिशातून. तुमचे चिटबॉय, स्लिपबॉय, ओव्हरसिअर फडावर रोज येतात. त्यांना हे दिसत नाही असं मी मानणार नाही. तक्रारीसाठी नंबर छापले जातात, पण तक्रार केली की त्याच टोळीकडून उरलेला ऊस तोडून घ्यायचा असतो. खुशाली दिली म्हणून सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून मुकादमाच्या बिलातून रक्कम कापून शेतकऱ्याला परत दिली, असं या हंगामात एकदा तरी करून दाखवा. गावोगावी बातमी पोचेल.

हे लिहिताना तोडकऱ्यांविरुद्ध एक अक्षरही मला लिहायचं नाही. बीडकडून आलेल्या बायका पहाटेच्या थंडीत पोटाशी पोर बांधून मोळ्या उचलतात. जानेवारी 2024 मध्ये त्यांच्या तोडणी दरात 34 टक्के वाढ झाली, ती व्हायलाच हवी होती. आमच्या बिलातून जो खर्च जातो त्यातले किती रुपये कोयता चालवणाऱ्या जोडप्याच्या हातात पडतात, किती मुकादमाच्या कमिशनला, किती वाहतुकीला आणि किती बुडीत उचलीला, हे चार रकाने छापले तर त्या बायकांनाही आपल्या कष्टाची किंमत कुठं मुरते ते कळेल.

पैसे वेळेवर देण्याबद्दल थोडक्यात. ऊस (नियंत्रण) आदेश 1966 प्रमाणं ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. राज्य सरकारनं फेब्रुवारी 2022 मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये रद्द ठरवली. ती याचिका आपल्याच जिल्ह्यातून, माजी खासदार राजू शेट्टी यांनी केली होती. उशिराचा फटका कसा बसतो ते तुम्हाला नव्यानं सांगायची गरज नाही, तुमच्यातले बरेच जण सोसायट्या आणि जिल्हा बँकही चालवतात. उसाच्या बिलातून आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं. बिल लांबलं की कर्ज मुदतीत फिटत नाही आणि मुदतीत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजसवलत जाते. उशीर कारखान्याचा आणि थकबाकीदाराचा शिक्का शेतकऱ्यावर. उशिराचं व्याज मागितल्याशिवाय, आपणहून दिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तुमच्या अडचणी मला मान्य आहेत आणि त्या खोट्या आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. साखरेचा किमान विक्री दर जून 2018 मध्ये किलोला 29 रुपये ठरला, फेब्रुवारी 2019 मध्ये 31 झाला. तेव्हा एफआरपी क्विंटलला 275 होती. हा हंगाम सुरू होताना एफआरपी 355 आणि किमान विक्री दर तिथंच 31. कच्च्या मालाची किंमत सरकारनं वाढवायची आणि पक्क्या मालाचा दर गोठवून ठेवायचा, यातून कुणाचाच संसार नीट चालणार नाही. इथेनॉलचंही तसंच. आधी सांगितलं की डिस्टिलरी उभारा, कर्ज घ्या, पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळायचं आहे. तुम्ही कर्जं घेतलीत. आणि 7 डिसेंबर 2023 ला, हंगाम भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. काही दिवसांत ती थोडी सैल झाली, पण उभ्या प्रकल्पांचं गणित त्या एका आदेशानं मोडलं. निर्यातीचं दारही असंच कधी उघडतं, कधी बंद होतं. शहरातल्या माणसाला साखर स्वस्त मिळावी म्हणून सगळा भार ऊस उत्पादकावर आणि कारखान्यावर टाकायचा, ही वर्षानुवर्षांची रीत आहे. किमान विक्री दर वाढवण्यासाठी तुम्ही दिल्लीला गेलात तर आमच्या गावातून मी सह्या गोळा करून देईन, आणि हे मी मनापासून लिहिते आहे.

पण तुम्हाला काही मिळालंही आहे, तेही बोलायला हवं. एफआरपीपेक्षा जास्त दर दिला म्हणून सहकारी कारखान्यांवर आयकराच्या मोठ्या नोटिसा होत्या. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यातून सुटका झाली, 2016-17 या आकारणी वर्षाच्या आधी शेतकऱ्यांना दिलेले पैसे खर्च म्हणून धरायला परवानगी मिळाली. सुमारे 10,000 कोटींचा दिलासा असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. ती सवलत मिळवताना तुमचं म्हणणं होतं की हा पैसा नफा नव्हे, ही शेतकऱ्याची उसाची किंमतच आहे. बरोबर म्हणणं होतं. मग किंमत आमची असेल तर ती कशी निघाली हे बघायचा हक्कही आमचाच.

राज्याचा 2013 चा ऊस दर विनियमनाचा कायदाही हेच सांगतो. साखर आणि मळी, बगॅस (उसाचा चोथा), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांचं मिळून जे उत्पन्न, त्यातला 70 टक्के वाटा शेतकऱ्याचा, फक्त साखर धरली तर 75 टक्के. हा वाटा एफआरपीहून जास्त निघाला तर वरचा फरक द्यायचा. त्यासाठी साखर कोणत्या दरानं विकली, बगॅस स्वतःच्या वीज प्रकल्पाला कोणत्या किमतीला दिलं, मळी आपल्याच डिस्टिलरीला काय भावानं गेली, हे सगळं कळायला हवं. घरचा माल घरच्याच प्रकल्पाला कमी भावात दिला की उसाची किंमत कमी निघते. हिशेबाच्या भाषेत यात चूक सापडणार नाही, पण शेतकऱ्याच्या पदरात कमी पडतं.

या जिल्ह्यानं आधी काय करून दाखवलं ते तुम्हाला माहीत आहे. गुळाला बाजार मिळावा म्हणून 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली. राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते याच रानांना पाणी मिळावं म्हणून. पुढं रत्नाप्पाण्णा कुंभारांनी पंचगंगा कारखाना उभा केला, तात्यासाहेब कोरेंनी माळरानावर वारणा उभी केली. लोकांनी बायकांच्या अंगावरचे डागदागिने गहाण टाकून शेअर घेतले. ते शेअर घेताना त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, की आता आपल्या मालाचं वजन आपल्याच काट्यावर होईल. माझ्या सासऱ्यांच्या नावचं जुनं शेअर सर्टिफिकेट अजून घरात आहे, आणि मी आज जे मागते आहे ते त्या कागदावर आधीच दिलेलं आहे असं मी समजते.

वार्षिक सभेबद्दल. कायद्यानं ती सप्टेंबरअखेर घ्यावी लागते आणि घेतली जाते. मंडप असतो, पोलीस बंदोबस्त असतो, पुढच्या रांगांत सकाळपासून बसवलेली माणसं असतात. विषय वाचला जातो, 'मंजूर मंजूर' असा गलका होतो, दुसऱ्या बाजूनं 'नामंजूर' होतो, आणि राष्ट्रगीत सुरू होतं. कोट्यवधींच्या उलाढालीचा ताळेबंद काही मिनिटांत संपतो. प्रश्न लेखी द्या म्हणतात. लेखी दिलेला प्रश्न व्यासपीठावरून सोयीचा तेवढा वाचला जातो. आणि त्या मंडपात बायका किती असतात? शेअर नावावर असलेल्या हजारो बायका या जिल्ह्यात आहेत, मतदानाच्या दिवशी आम्हाला न्यायला गाडी येते, सभेच्या दिवशी येत नाही. संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या जागांवरच्या ताईंना माझी हात जोडून विनंती आहे की पुढच्या मासिक सभेत तोडणी-वाहतुकीच्या खर्चाचा तपशील तुम्ही मागा आणि तो इतिवृत्तात घ्यायला लावा. भांगलणीपासून पाचट आवरण्यापर्यंत उसात आमचं आयुष्य जातं, त्यामुळं या हिशेबावर बोलायला आमच्याइतका हक्क कुणाचा नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मधलं कलम 32 फार कमी सभासदांना माहीत आहे. त्यानुसार सभासदाला कार्यालयीन वेळेत, विनामूल्य, लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेची आणि संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं, आणि संस्थेच्या दप्तरातला आपल्या व्यवहाराचा भाग बघता येतो. हे कलम संस्थेची मालकी सभासदाची आहे असं धरून लिहिलेलं आहे. खासगी कारखान्यांना ते लागू नाही, पण 1966 चा आदेश आणि 2013 चा कायदा त्यांनाही आहेच. आमच्या भागातला बराच ऊस आता खासगीकडं जातो, तिथल्या शेतकऱ्याला सभासदत्वही नाही. खासगी कारखान्यांच्या व्यवस्थापनानं रोजचा तक्ता गेटवर लावला तर त्यांचं काही नुकसान होणार नाही, उलट ऊस त्यांच्याकडं जास्त जाईल आणि मग सहकारी कारखान्यांनाही लावावाच लागेल. आधी कोण लावतो याला माझ्या लेखी महत्त्व नाही.

मी आमच्या कारखान्याला कलम 32 प्रमाणं अर्ज दिला आहे. त्यात माझ्या उसाच्या प्रत्येक खेपेची भरलेल्या आणि मोकळ्या गाडीची वजनं आणि वेळा मागितल्या आहेत. गेल्या हंगामाच्या तोडणी-वाहतूक खर्चावर संचालक मंडळात जी चर्चा झाली, त्या सभांची इतिवृत्तं मागितली आहेत. उतारा निश्चित करताना इथेनॉलसाठी वळवलेली साखर किती धरली, त्या प्रमाणपत्राची प्रत मागितली आहे. अर्जाची पोच घेतली आहे. शेती अधिकाऱ्यांनी विचारलं, 'ताई, तुमचा ऊस वेळेवर जातोय, बिलही मिळालंय, मग कशाला?' म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिलं, म्हणजे उत्तर मला एकटीला न देता सगळ्यांना देता येईल.

जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्याच्या संचालक मंडळानं या महिन्याच्या सभेत हा विषय घ्यावा आणि ठराव व्हावा : वजनाचे दोन्ही आकडे त्याच वेळी मोबाईलवर, ऊस-साखर-मळी-इथेनॉलचा रोजचा तक्ता गेटवर, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च रकाने पाडून प्रत्येक बिलाच्या मागं छापलेला. ठराव नामंजूर झाला तर कुणी काय कारण सांगितलं तेही इतिवृत्तात लिहा. आमच्या गल्लीतल्या आणखी काही सभासद बायकांनी कलम 32 चे अर्ज भरून ठेवले आहेत. माझ्या अर्जाला येणारं उत्तर बघून त्या ते कारखान्यात देणार आहेत.

आपली नम्र,
करवीर तालुक्यातील एक ऊस उत्पादक सभासद